कर्जावर सही आहे, मग घरावर नाव?

एप्रिल उजाडला की गावागावांत वाळूच्या ट्रॅक्टरची घरघर सुरू होते. मृगाच्या आत स्लॅबचं गळणं थांबवायचं, मागची पडवी पाडून एक खोली वाढवायची, न्हाणीघराला फरशी बसवायची... घराची कामं काढायचा हाच मोसम. आणि याच दिवसांत घरातली बाई बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या टेबलासमोर बसून, साहेब बोट ठेवतील तिथं सह्या करत असते.

मैत्रिणींनो, त्या सह्या कशाच्या असतात ते आधी पाहू. बहुतेक वेळा आपण 'सहकर्जदार' असतो. म्हणजे यजमानांनी हप्ते थकवले, तर वसुलीची नोटीस आपल्यालाही येणार. पण सहकर्जदार झालं म्हणून घराची मालकी मिळत नाही. कर्जाचे कागद वेगळे आणि मालकीचे वेगळे. वीस वर्षं हप्ते भरूनही जिचं घरावर नाव नाही, अशी बाई तुमच्या गल्लीतही असेल.

आता 'नाव लागलंय की' असं ज्या म्हणतात, त्यांनी ते कुठं लागलंय हे बघावं. महाराष्ट्र शासनाने 2003 मध्ये ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत नवरा-बायको दोघांची नावं लावण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच. नसेल लावलं तर ग्रामसेवकाकडे अर्ज द्याच. पण नमुना 8 हे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर आहे, तो काही मालकीचा पक्का पुरावा नव्हे. मालकीसाठी खरेदीखत, मालमत्ता पत्रक, गावठाणात स्वामित्व योजनेतून मिळालेली सनद, असे कागद लागतात. ही योजना 2020 मध्ये सुरू झाली. ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळाली असेल, तर ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा. बँक आधी तीच मागेल.

घर यजमानांच्या स्वतःच्या नावावर असेल, तर ते बायकोला हिस्सा बक्षीसपत्राने देऊ शकतात. महाराष्ट्रात राहतं घर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. नोंदणीचा खर्च आणि स्थानिक अधिभार मात्र दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. घर आधीच तारण असेल तर बँकेची संमती लागते, म्हणून हे काम कर्जाच्या आधी उरकलेलं बरं. घर सासऱ्यांच्या नावावर असेल, तर देण्याचा अधिकार त्यांचा. तिथं गोडीनंच बोलावं लागतं! नवीन घर विकत घेताय? ते फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत 2021 पासून आहे. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही अट होती, ती 2023 मध्ये निघाली. यजमानांचं नाव जोडलं की सवलत जाते, हे लक्षात असू द्या.

आता व्याज. 'दहा टक्क्यांनी देतो' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, सरसकट दहा की घटत्या शिलकीवर? 2 लाख रुपये 5 वर्षांसाठी सरसकट 10 टक्क्यांनी घेतले, तर वर्षाला 20 हजार म्हणजे एकूण 1 लाख रुपये व्याज. हप्ता 5 हजार. तेच घटत्या शिलकीवर घेतले तर हप्ता साधारण 4,250 आणि एकूण व्याज 55 हजारांच्या आसपास. सरसकट 10 म्हणजे खरं तर सतरा टक्क्यांच्या वर पडतं. पंचेचाळीस हजारांचा फरक हो, म्हणजे एका न्हाणीघराचं काम!

ऑक्टोबर 2024 पासून बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण द्यायलाच हवं. सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो आणि ते आपल्याला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. मराठीत मागा. लाजू नका. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांना हा नियम नाही, म्हणून तिथं हप्त्यांचा तक्ता आधी हातात घ्या.

छोट्या दुरुस्तीसाठी पाटल्या तारण ठेवणं वाईट नाही, काम लवकर होतं. पण मुदत बहुधा वर्षाचीच असते आणि ती टळली की लिलावाची नोटीस येते. पुढच्या सुगीच्या भरवशावर मंगळसूत्र ठेवू नये, असं माझं मत. बचत गटाचं कर्ज घेणार असाल तर ते आपल्या नावावर असतं, मग त्यातून काय बांधलं याच्या पावत्याही आपल्या नावाने घ्या.

पैसे हातात आले की खरी परीक्षा. वाळू-खडी ब्रासवर येते, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजून गुणाकार करा. पाच, पाच आणि चार फूट म्हणजे बरोब्बर एक ब्रास. ट्रॅक्टरवाला हसेल, हसू दे. सिमेंटच्या गोणीवर तयार केल्याचा आठवडा छापलेला असतो, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी परत करा. गळती काढायची तर नुसता रंग फासून भागत नाही. पाणी कुठं साचतं, कठड्याच्या कडेला चीर आहे का, पन्हाळ तुंबलीय का, हे आधी बघायचं. उताराचा कोबा झाला की त्याला निदान सात दिवस पाणी मारायचं. मग गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून खाली छत ओलं होतं का पाहायचं आणि त्यानंतरच मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायचा. आधी दिला की मिस्त्री दिवाळीपर्यंत दिसत नाही.

कर्ज लवकर फेडता आलं तर फेडा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही. पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांच्या आत मूळ कागद परत मिळायला हवेत. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई. कागद घेताना दिलेल्या यादीशी एकेक ताडून बघा, बेबाकी दाखला घ्या, आणि मालमत्ता पत्रकावरचा बोजा कमी झाल्याचा नवा उतारा काढूनच घरी या.