तोफ कुठे लपवलीय?

दिवाळीला जऊळक्याला जातो म्हटलं की ऑफिसातले सगळे कीव करतात. 'मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, मग करतोस काय?' बॉस, युद्ध करतो! ओसरीवर, चटईवर, हातात चहाचा कप. समोर माझा चुलतभाऊ, आमचा दादा. मी पुण्यात सॉफ्टवेअरवाला, तो गावात सोयाबीन-तूर पिकवणारा. नकाशा आम्हीच काढलेला आणि सैन्य म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे.

या खेळाची खरी मजा फाशांत नाही, लपवाछपवीत आहे. तीही तीन प्रकारची. 'स्ट्रॅटेगो'मध्ये समोरच्याचे चाळीस मोहरे दिसतात. पण त्यातला सेनापती कोण आणि बॉम्ब कोण, ते कळत नाही. आपल्या राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्यांसारखंच. दुसऱ्या प्रकारात मोहरा पटावरच नसतो. १९८५ साली आलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वाड लीडर'मध्ये ठरावीक तोफा, सुरुंग आधी गुपचूप कागदावर लिहून ठेवायचे. तोफेने शत्रूच्या डोळ्यांदेखत गोळा डागला किंवा शत्रू नेमका तिच्या घरात घुसला, की ती उघडी पडते. तिसरा प्रकार सर्वांत जुना. १८२४ साली प्रशियाच्या लष्करात आलेल्या 'क्रीगस्पील'मध्ये मधे पंच बसायचा आणि ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच सांगायचा.

असईचा धडा

हे सगळं फॉरेनचं वाटतंय? मग भोकरदनजवळच्या असईला चला. २३ सप्टेंबर १८०३. वेलस्लीचा अंदाज होता की शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदनला आहे आणि दुसऱ्या दिवशी स्टीव्हन्सनच्या तुकडीसोबत तिच्यावर हल्ला करायचा. प्रत्यक्षात ती फौज केळणा आणि जुई नद्यांच्या मधे, थेट असईपर्यंत पसरलेली निघाली. वाटाडे म्हणाले, नदीला उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ओळखलं, गावं आहेत म्हणजे मधे उतार असणारच! उतार होता. तो जिंकला, पण त्याचे सुमारे दीड हजार लोक मेले वा जखमी झाले. इंग्रज रांग पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी मागून तोफा डागल्या. लपवलेला मोहरा म्हणजे काय, ते याहून वेगळं काय सांगणार?

आणि माझी चोरी

आमच्याकडे पंच नाही. म्हणून नियम एकच: लपवलेल्या तोफेची जागा चिठ्ठीवर लिहायची, घडी घालून पानाच्या डब्याखाली ठेवायची. मागच्या दिवाळीत मी कोरी चिठ्ठी ठेवली. दादाची तुकडी जिकडे वळेल तिकडे तोफ 'निघाली'. दोन डाव सलग जिंकलो. त्याने डबा उचलला नाही, चिठ्ठी मागितली नाही. फक्त विचारलं, ''तोफ पहिल्यापासून तिथीच होती का बे?''

''हो,'' मी म्हणालो.

त्याने पट गुंडाळला. परतीच्या गाडीत मला हिशेब सुचत गेला. माझ्या वाटच्या शेतातलं उत्पन्न हाच माणूस दर वर्षी मला फोनवर सांगतो. इतकी पोती निघाली, इतका भाव मिळाला, इतका खर्च. मी एकदाही पावती मागितलेली नाही. तो जे सांगतो ते मी मानतो, आणि मी मात्र त्याला कागदाच्या एका कपट्यावर फसवलं.

वाशीम यायच्या आधीच फोन लावला. ''दादा, चिठ्ठी कोरी होती.''

''मले माहीत होतं,'' तो म्हणाला. ''रात्री डबा झाडताना पाह्यली. पुढच्या खेपी लिहून ठेव.''

तर मंडळी, वीकेंडला मित्रांबरोबर असा डाव मांडणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. जागा शाईने लिहा, खाडाखोड नको. डाव संपल्यावर दोघांच्याही चिठ्ठ्या उघडा, हरलेल्याने न मागताही. आणि पंच मिळत नसेल, तर समोर असा माणूस बसवा, ज्याला फसवल्यावर तुम्हाला झोप लागणार नाही.

यंदा दिवाळीला मी निळं पेन घेऊन चाललोय.