मिठाचा डबा एकाच जागी

परवा रात्री अकरा वाजता माझ्या हातापायांतलं बळच गेलं. सकाळी शाळेत आठवीची प्रश्नपत्रिका द्यायची होती, आणि संगणकावर ती जागेवर नव्हती! दुपारच्या आवराआवरीत मीच ती पुसून टाकली होती.

आमचा संगणक जुना. 'विंडोज १०'चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि पुढची आवृत्ती या यंत्रावर बसेना. "नवीन घेऊ," हे म्हणाले. पण चालती वस्तू टाकायला माझं मन होईना. शेवटी भाच्याने त्यावर लिनक्स बसवून दिलं, तेही फुकट. यात पडद्यावरची मांडणी आपण निवडायची असते. मला साधीसुधी, जुन्या यंत्राला न दमवणारी 'एक्सएफसीई' आवडली. लेकीला नटवी 'केडीई'. पासवर्ड दोघींचा एकच. आत शिरताना जिला हवी ती मांडणी तिने घ्यावी.

त्या रात्री लेक तिच्या मांडणीत बसली होती. म्हणाली, "आई, कचरापेटी बघितलीस?"

"अगं, मी माझ्याकडे पुसलेलं तुझ्या पेटीत कसं सापडेल?"

तिने पेटी उघडली, आणि प्रश्नपत्रिका समोर! माझा जीव भांड्यात पडला.

हे कसं घडलं, ते भाच्याने नंतर सांगितलं. १९९६ साली जर्मनीत माथियास एट्रिश हा विद्यार्थी मैत्रिणीचा संगणक लावून देत होता. तेव्हा त्याला जाणवलं, की लिनक्सवर प्रत्येक प्रोग्रॅमची तऱ्हा निराळी. मेनू वेगळे, बटणं वेगळी. त्याच्या ते अंगवळणी पडलं होतं. पण नवख्या माणसाने काय करावं? त्यातून 'केडीई' जन्मली. तिच्यातल्या एका भागाचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' सुरू केली. झाल्या दोन चुली! मग २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' हे सामाईक व्यासपीठ उभं केलं. मेनूत नाव कसं नोंदवायचं, चिन्हं आणि पुसलेल्या फायली कुठे ठेवायच्या, याचे नियम तिथे हळूहळू ठरत गेले. दोन जावांच्या हाताची चव वेगळी असेना का, मिठाचा डबा ठरल्या जागी असला की घर चालतं!

अर्थात सगळंच गोड नाही. सेटिंग्ज प्रत्येकीची वेगळ्या जागी असतात. मला अजून शोधावं लागतं. म्हणून थोडं अनुभवाचं:

१. आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. पटलं तरच बसवा. त्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.

२. कचरापेटी घाईने रिकामी करू नका. शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबून पुसलेलं पेटीत जात नाही.

३. दुसऱ्या संगणकावर ओळी सरकतात, म्हणून छापायचा कागद पीडीएफ करूनच पाठवा.

मैत्रिणींनो, यंत्रापुढे अडलं की "आपल्याला बाई हे जमायचं नाही" असं आपण चटकन म्हणतो. त्या विद्यार्थ्याने मात्र दोष मैत्रिणीला दिला नाही, मांडणीला दिला. आपणही तसंच करून पाहायला काय हरकत आहे?