सांकेतिक लिपी आणि असन्निधानाचे वाङ्मय

वरकरणी नम्र पण मनातून कपटी अशा माणसाला मराठीत आजही 'मानभावी' म्हणतात. महानुभाव या पंथनामाचाच हा अपभ्रंश आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानात क्वचितच असते. एका संप्रदायाविषयीचा अनेक शतकांचा संशय भाषेने असा एका शब्दात साठवून ठेवला. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहून ठेवले, हे त्या संशयाला पुढे मोठेच निमित्त झाले. हे ग्रंथ भयापोटी दडवले गेले, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु या दडवण्याचा पंथाच्या मोक्षविचाराशी असलेला संबंध पाहिल्यावाचून त्या वाङ्मयाचे मर्म हाती येणार नाही.

श्रीचक्रधरांच्या विचारात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न आहेत. देवता फळे देतात, पण ती सरणारी. मोक्ष देणारा परमेश्वर एकच, आणि तो देवताचक्राच्या पलीकडचा. इतका पलीकडचा ईश्वर जीवाला भेटावा कसा? मनुष्यदेह धारण करून तो स्वतःच येतो, हे पंथाचे उत्तर. म्हणून सन्निधानाला, अवताराच्या प्रत्यक्ष सहवासाला, येथे असाधारण मोल आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीचक्रधर उत्तरापंथे गेले. पुढे रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचेही निर्याण झाले आणि असन्निधानाचा काळ सुरू झाला. मग साधकाला आधार उरला तो स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांचा, आणि नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या स्मरणाचा.

'लीळाचरित्र' या असन्निधानातून जन्मले. म्हाइंभटांनी प्रत्यक्षदर्शी शिष्यांकडून एकेक आठवण मिळवली आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ती लिहिली. स्वामी कोठे बसले, काय जेवले, कोणाशी काय बोलले, हे सारे त्यात आहे. आधुनिक समीक्षकाला या तपशिलात गद्याचा जिवंतपणा आणि यादवकालीन समाजाचे चित्र दिसते. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो तपशील सजावटीचा नव्हता, समाजचित्रणाचा तर नव्हताच. त्या बारीकसारीक चेष्टांचे स्मरण हाच परमेश्वराकडे जाण्याचा मार्ग होता. तेथे एक क्रियापद चुकले तर साधना चुकली. पंथीय परंपरेप्रमाणे खालशाच्या धाडीत मूळ प्रत नष्ट झाली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पाठभेदांना तेथे 'वासना' म्हणतात. कोणाच्या आठवणीत काय होते, हे नावानिशी नोंदवून ठेवणारी ही वृत्ती आधुनिक संपादनशास्त्रालाही मानवेल अशी आहे.

अशा ग्रंथांवर चौदाव्या शतकापासून लिपींचे आवरण चढले. सकळ लिपी रवळोबासांनी रचली; पुढे सुंदरी आणि इतरही अनेक लिपी झाल्या. सकळ लिपीची युक्ती साधी आहे: नागरी अक्षरांच्या मूल्यांची अदलाबदल. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधली. बुद्धिमान शत्रूला जे कुलूप उघडणे फारसे अवघड नव्हते, ते केवळ शत्रूसाठी असेल असे मानणे कठीण आहे. अनधिकारी वाचकाला दाराशीच थांबवावे आणि अधिकाऱ्याला गुरुमुखातून किल्ली मिळावी, हा हेतू अधिक संभवतो. भय असेल, पण भयाने सगळ्याचा उलगडा होत नाही.

स्पेनमधील मोरिस्को लोकांचे गुप्त वाङ्मय येथे तुलनेला घेण्याजोगे आहे. कॅस्टिलमध्ये 1502 मध्ये आणि अरागॉनमध्ये 1526 मध्ये मुसलमानांवर ख्रिस्ती होण्याची सक्ती झाली. 1609 ते 1614 या काळात त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. मधल्या शतकात त्यांनी स्पॅनिश भाषा अरबी अक्षरांत लिहून आपले धर्मग्रंथ जतन केले. 1884 मध्ये आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावी एका जुन्या घराच्या खोट्या तक्तपोशीखाली अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. ओरानचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1504 च्या फतव्याने त्यांना मनातल्या निश्चयाचा आधार दिला होता: उघड नमाज शक्य नसेल तर केवळ खुणेनेही ती व्हावी. अरेव्हालोच्या तरुणाने, 'मान्सेबो'ने, याच काळात आपल्या धर्माचे विवेचन लिहिले. त्यातील काही चिंतन थॉमस अ केम्पिस या ख्रिस्ती साधकाच्या ग्रंथावर बेतलेले आहे, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. छळणाऱ्यांच्याच भक्तिग्रंथातून छळ सोसण्याचे बळ घ्यावे, यातील करुणा वेगळी सांगावयास नको.

मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. मोरिस्कोंच्या हातून अरबी भाषा निसटत चालली होती. अक्षरे तेवढी पवित्र उरली, आणि परक्या भाषेला त्या अक्षरांचा पोशाख चढवून ती आपली करण्यात आली. महानुभावांची अक्षरे कृत्रिम होती, केव्हाही बदलता येण्याजोगी. जपावयाची होती ती भाषा. ईश्वर ज्या भाषेत बोलला ती मराठी होती. संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या केशिराजबासांना नागदेवाचार्यांनी अडवले ते याच जाणिवेने. ज्ञान साध्याभोळ्या म्हाताऱ्या साधकांपर्यंत पोहोचले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. जे सर्वांना कळावे म्हणून लोकभाषेत आले तेच पुढे थोड्यांना वाचता यावे अशा लिपीत गेले, हा विरोध पंथाला शेवटपर्यंत सोडवता आला नाही.

तरीही भाषा टिकली. पंथ पंजाबात गेला, तेथे 'जयकृष्णी' म्हणवला गेला. त्याचे मठ काबूलपर्यंत पोहोचले. तेथल्या साधूंची बोली पंजाबी किंवा पुश्तू होती. धर्मग्रंथ मात्र ते मराठीतच शिकत, आणि ज्या गावांची नावे त्यात येत ती गोदाकाठची.