दूरकेंद्री भिंगरचना आणि अस्पर्श मापन

अहिल्यानगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या मार्गावर तिसगावनजीक उभे राहिले असता समोरून येणारी मालमोटार प्रथम लहान व पुढे मोठी दिसते. नित्यव्यवहारात यामुळे काही अडत नाही. परंतु कारखान्यातील वस्तूंस स्पर्श न करता केवळ प्रतिमेवरून त्यांचे मापन करावयाचे असेल, तर हाच गुणधर्म निर्णायक दोष ठरतो.

20 मि.मी. व्यासाचा एक दंड घेऊ. एच-6 या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार त्याच्या व्यासात केवळ 13 मायक्रॉन इतकीच तफावत ग्राह्य असते. दंड सामान्य भिंगाच्या प्रवेश-द्वारकापासून 100 मि.मी. अंतरावर असून तो 1 मि.मी. मागे सरला, तर प्रतिमा सुमारे एक शतांशाने आक्रसते. म्हणजेच व्यास 200 मायक्रॉनांनी कमी भासतो. निर्दोष दंड त्यामुळे टाकाऊ ठरेल.

यावरील उपाय एर्न्स्ट आबे (1840–1905) यांनी मापन-सूक्ष्मदर्शकांच्या संदर्भात मांडला. किरणरोधक पडद्याचे छिद्र पुढील भिंगाच्या प्रतिमेकडील नाभीवर ठेवले, की त्याच्या मध्यातून जाणारे प्रधान किरण वस्तूच्या बाजूस अक्षाशी समांतर होतात व प्रवेश-द्वारक अनंतावर जातो. वस्तू पुढेमागे झाल्यास प्रतिमा अस्पष्ट होईल. परंतु प्रत्येक बिंदूच्या अस्पष्ट ठशाचा मध्य ढळत नाही. म्हणून दूरकेंद्रिता म्हणजे अमर्याद स्पष्टता नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा भिंगसमूह असा बसवला, की त्याची नाभी याच छिद्रावर येईल, तर रचना उभयतः दूरकेंद्री होते. वर्धन तेव्हा दोन नाभ्यंतरांच्या गुणोत्तराइतके राहते: 100 व 50 मि.मी. घेतल्यास निम्मे. मग प्रकाशसंवेदक किंचित सरकला तरी वर्धन बदलत नाही.

या लाभाचे मोलही द्यावे लागते. समांतर किरण स्वीकारण्यासाठी पुढील भिंग मापनक्षेत्राहून मोठे असावे लागते. त्यामुळे रचना जड व महाग होते. छिद्र लहान केल्यास स्पष्टतेची खोली वाढते, पण विवर्तनामुळे सूक्ष्म तपशील हरपतो. शिवाय विपथनामुळे प्रधान किरण पूर्णतः समांतर राहत नाहीत. हा कल 0.1 अंश असल्यास 1 मि.मी. विस्थापनाने दोन्ही कडा मिळून व्यासात सुमारे 3.5 मायक्रॉनांचा दोष येतो. 200 मायक्रॉनांच्या तुलनेत तो अल्प असला, तरी 13 मायक्रॉनांच्या मर्यादेपैकी चतुर्थांशाहून अधिक भाग तोच व्यापतो. तेव्हा भिंग दूरकेंद्री आहे एवढ्यावर विसंबू नये. किरणांचा उरलेला कल किती, हे मोजूनच मापनाची ग्वाही द्यावी.