धारावीतलं जंगल पाहिलंत का?

सायन-वांद्रे लिंक रोडला, मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जेमतेम ३७ एकर. आज जिथे दाट सावली आहे तिथे पूर्वी मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होतं. १९८३ साली पहिलं रोप डॉ. सालिम अलींनी लावलं, आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून जंगल उभं करता येतं, याचा इतका ठोस पुरावा मुंबईत दुसरा नाही!

अर्ध्या-पाऊण तासाची फेरी पुरते. पण फुलपाखरांसाठी जायचं असेल तर अगदी पहाटे जाऊ नका. त्यांना उडण्याआधी अंग उन्हात तापवावं लागतं, म्हणून ऊन जरा वर आल्यावरची वेळ उत्तम. पावसाळ्याची अखेर हा त्यांचा खरा हंगाम. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (२०१५ पासून) लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं, तेव्हा अशा झाडांपाशी थोडं थांबाच. नदीच्या बाजूला खारफुटी दिसते, तीही चुकवू नका.

मुलांना जरूर न्या. फक्त फुलं-पानं तोडू नका आणि स्पीकर घरी ठेवा.