बिडाचा तवा घ्या, नातवंडंही वापरतील

दर दोन वर्षांनी नॉनस्टिक तवा बदलत असाल, तर एकदा बिडाचा घेऊन बघा. घेताना टिचकी मारा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो. कान तव्यासोबतच ओतलेले हवेत, रिव्हेट मारलेले नकोत.

घरी आणल्यावर धुऊन, कोरडा करून तेलाचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि धूर येईपर्यंत तापवायचा. असं तीन-चारदा केलं की तेलाचाच कडक थर बसतो, घावन अलगद सुटतं. (पहिली दोन चिकटणारच, धीर धरा!) चिंच-टोमॅटो मात्र त्यात शिजवू नका, आंबटाने थर जातो. गंज चढला तरी फेकू नका, घासून पुन्हा तेल द्या. आणि तापलेल्या तव्यावर गार पाणी कधीच ओतू नका, बीड तडकतं.