मास्ट पेशी : शरीराचे पहारेकरी

जालना हा प्रामुख्याने कृषिप्रधान जिल्हा होय. कपाशी वेचताना, मोसंबीच्या बागेत काम करताना अथवा बांधावरील दगड उचलताना मधमाशी, गांधीलमाशी किंवा विंचू यांचा दंश होणे ही येथील शेतकऱ्यांच्या परिचयाची बाब आहे. माशीने दंश करताच ती जागा लाल होते, सुजते आणि खाजू लागते. ही सूज केवळ विषामुळे येत नाही; ती घडवून आणण्यात आपल्याच शरीरातील मास्ट पेशींचा मोठा वाटा असतो.

पेशी आणि त्यांची विकरे

जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. त्वचा, श्वासनलिका व आतडी, म्हणजे बाह्य जगाशी शरीराचा जेथे संबंध येतो अशा ठिकाणी, त्या विपुल असतात. त्यांच्या पोटात सूक्ष्म कण भरलेले असून त्यांत हिस्टामिन व हेपारिन यांबरोबरच ट्रिप्टेज, कायमेज आणि कार्बोक्सिपेप्टिडेज ही प्रथिनांचे विघटन करणारी विकरे साठवलेली असतात. पेशी उत्तेजित झाली की हा साठा बाहेर पडतो. हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व त्यांतील द्रव बाहेर झिरपतो. विकरे इतर पेशींना चेतवून दाह पुढे वाढवितात.

रक्षण आणि उपद्रव

ही व्यवस्था निरर्थक नाही. उंदरांवरील प्रयोगांत २००६ मध्ये असे दिसून आले की, मास्ट पेशी काही सर्पविषांपासून व मधमाशीच्या विषापासून संरक्षण देतात आणि या कार्यात कार्बोक्सिपेप्टिडेजचा सहभाग असतो. विंचवांच्या दोन जातींच्या विषाची तीव्रता कायमेजसारखे विकर कमी करते, असे २०११ मध्ये आढळले.

मात्र हीच शस्त्रे प्रमाणाबाहेर वापरली गेली तर ती घातक ठरतात. दम्यात मास्ट पेशींतील द्रव्यांमुळे श्वासनलिका आकुंचन पावतात. कायमेज हे रक्तवाहिन्या आकुंचित करणारे ॲन्जिओटेन्सिन-दोन तयार होण्यास हातभार लावते. म्हणून हृद्‌रोगाच्या संशोधनातही त्याचा विचार होतो. एखाद्यास माशीच्या विषाची तीव्र ॲलर्जी असेल, तर सर्व शरीरातील मास्ट पेशी एकदम रिकाम्या होऊन रक्तदाब कोसळतो व श्वास कोंडतो. अशा झटक्यानंतर काही तासांच्या आत रक्तातील ट्रिप्टेज मोजल्यास निदानास पुष्टी मिळते. तथापि उपचार तपासणीसाठी थांबवावयाचा नसतो. मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन त्वरित देणे हाच यावरील पहिला उपाय होय.

लाल विंचवाचा धोका

लाल विंचवाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या विषाचा मुख्य आघात स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत हृदयावर होतो. तेथे मास्ट पेशींचे संरक्षण पुरे पडत नाही. या दंशावरील उपचारास दिशा देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याच्या देहेड गावचे. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात रुग्णसेवा करताना त्यांनी प्राझोसिन या औषधाची उपयुक्तता दाखवून दिली. त्यांचे याविषयीचे निष्कर्ष १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा किताब जाहीर झाला.

नागरिकांनी काय करावे?

दंशानंतर अंगावर गांधी उठणे, ओठ वा जीभ सुजणे, धाप लागणे अथवा भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे होत. विंचूदंशानंतर दरदरून घाम सुटणे, उलट्या होणे, हातपाय गार पडणे ही विष अंगात भिनल्याची चिन्हे समजावीत. दोन्ही प्रसंगी जखम कापू नये, चोखू नये आणि मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. रुग्णास विनाविलंब नजीकच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. शरीराचे पहारेकरी आपले काम करीतच असतात. त्यांना वेळेवर वैद्यकीय साहाय्याची जोड देणे मात्र आपल्या हाती आहे.